एटीएममध्ये कासवाचं रक्त

ज्या वर्षी आमच्या तालुक्यातल्या लोकांनी बैल विकायला काढले, त्याच वर्षी मी, म्हणजे बैलांच्या डॉक्टरनं, रक्त तपासायचं यंत्र विकत घेतलं. माझी व्यवहारातली अक्कल एवढ्यावरून ताडता येईल. कापूस दरसाल दगा देत होता. एका साली अळी, एका साली भाव, एका साली बियाणंच बोगस. घरचं माणूस आजारी पडलं तरी लोक चार दिवस वाट पाहत, तिथं जनावराला डॉक्टर कोण बोलावणार? पांढरकवड्यात माझ्या दवाखान्यासमोरून बैल बाजाराकडे जाताना दिसायचे आणि मी खुर्चीत बसून एसटी चुकलेल्या माणसासारखा त्यांच्याकडे बघायचो.

अशात नागपूरहून एक विक्रेता आला. टीव्हीच्या रिमोटपेक्षा जरा जाड यंत्र. त्यात एक चपटी पट्टी सरकवायची, रक्ताचे दोन थेंब सोडायचे, आणि चहा थंड व्हायच्या आत कॅल्शियम, साखर, किडनी, सगळं पडद्यावर.

"कुत्रा, मांजर, घोडा, सर. कासवसुद्धा."

"आणि बैल?"

"बैलाचं काय सर, चालेल की."

या उत्तरावर माणसानं सावध व्हावं. मी सही केली.

मी तेव्हा एकटा राहत होतो आणि एसटी स्टँडमागं एका मावशींच्या खानावळीत दोन्ही वेळ जेवत होतो. मावशी मूळच्या फुलसावंगीकडच्या एका तांड्यातल्या. नवरा ट्रक चालवायचा, जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी घेऊन आंध्रात जायचा. एका खेपेला येताना त्यानं एक कासव आणलं. पाठीवर कोणी पिवळ्या चांदण्या कोरून ठेवल्यासारखं. घरात कासव असलं की पैसा टिकतो, म्हणे. पुढं कधीतरी तो तिकडंच राहिला, दुसरं घर केलं. पैसा टिकला नाही, नवरा टिकला नाही, कासव टिकलं. मुलगी लग्न होऊन गेल्यावर घरात ती दोघंच. मावशी त्याला 'बुढा' म्हणत. आमच्याकडे बायका नवऱ्यालाही बुढाच म्हणतात, त्यामुळे "बुढ्यानं आज पालक नाही खाल्ला" हे ऐकून नवं गिऱ्हाईक आतल्या खोलीकडे डोकावायचं. दुपारी भांडी आटोपली की मावशी त्याच्याशी तांड्याच्या बोलीत भांडायच्या. आमच्याशी मराठीत भांडायच्या. त्यांचं प्रेम कोणावर जास्त आहे ते एवढ्यावरून कळायचं.

त्या मे महिन्यात बुढ्यानं खाणं सोडलं.

"डाक्टर साहेब, बुढा खाऊनच नाही राह्यला. नुसता मागच्या पायानं कोपरा खाजवून राह्यला. पाहा नं जरा."

खानावळीच्या मागच्या मातीच्या अंगणात मावशींनी आदल्या हिवाळ्यात फरशी बसवून घेतली होती. त्या फरशीवर कासव मागचे पाय घासत होतं, खर्र खर्र. शहाण्या माणसानं त्या आवाजाचा विचार केला असता. माझ्या डोक्यात यंत्र होतं.

"रक्त तपासावं लागेल, मावशी."

"कासवाचं? त्याले असते?"

असतं, पण ते देत नाही. मान बाहेर ओढून धरायची तर कासवाची मर्जी लागते. शेवटी मावशींनी लालभडक टमाट्याची फोड पुढं धरली. खायला नाही, पण बघायला त्यानं मान काढली आणि मी पकडली. पहिल्यांदा सुईत पाण्यासारखं काहीतरी आलं. शिरेच्या शेजारून वाहणारा तो पातळ रस, तो यंत्रात घातला की सगळे आकडे खोटे येतात. "ही नुसती चाचपणी होती," असं मी जाहीर केलं. दुसऱ्या खेपेला रक्त आलं. यंत्र सुरू केलं तर पडद्यावर थर्मामीटरचं चित्र लुकलुकायला लागलं. तीस अंशांच्या वर ते कामच करत नाही, हे विक्रेत्यानं सांगितलं नव्हतं आणि यवतमाळ जिल्ह्यात राहून मी विचारलं नव्हतं. बाहेर पंचेचाळीस. ओल्या फडक्यात गुंडाळून ते कूलरसमोर धरलं, तर लाइन गेली.

लाइन गेल्यावरही थंड राहणारी गावात एकच जागा होती, स्टँडसमोरचं जनरेटरवर चालणारं एटीएम. मी निघालो. बुढ्याला एकटं सोडायचं नाही म्हणून त्याला पदराखाली घेऊन मावशीही निघाल्या.

"आत एकच माणूस," वॉचमन म्हणाला.

"माणूस एकच आहे. हे कासव आहे."

"मंग बाई?"

"बाई कासवासोबत आहे."

त्याच्या नियमात हे बसत नव्हतं, पण मोडतही नव्हतं. तो डोकं खाजवेपर्यंत आम्ही आत. पैसे काढायच्या मशीनवर मी यंत्र ठेवलं आणि पट्टीत रक्त सोडलं. काचेबाहेर रांग, रांगेमागं गर्दी. दार अर्धवट उघडून एका म्हाताऱ्यानं आत तोंड घातलं. "आमच्या बैलाले तं कधी एसीत नाही नेलं, डाक्टर."

"बैल एटीएममध्ये मावत नाही, काका," मी म्हणालो. लोक हसले. तो हसला नाही. त्याचा बैल त्याच आठवड्यात माझ्या दारावरून बाजारात गेला होता, हे मला नंतर कळलं.

आकडे आले. कॅल्शियम यंत्राला मोजता येईल त्याच्याही वर. कॅल्शियमचा तोल किडनी बिघडली की जातो, एवढं मला आठवलं, आणि अर्धवट आठवणाऱ्या माणसाचा आवाज नेहमी ठाम असतो. "मावशी, किडन्या गेल्या. आठवडा काढला तर खूप."

"याडी ये," एवढंच त्या म्हणाल्या. आईला हाक मारली त्यांनी. त्या संध्याकाळी खानावळ बंद राहिली.

मरायच्या आधी जरा मातीत हिंडू दे म्हणून मावशींनी कासव शेजारच्या बांधकामावरच्या रेतीत सोडलं. त्यानं तिथं मागच्या पायांनी खड्डा केला आणि चार अंडी घातली. मावशी धापा टाकत दवाखान्यात आल्या.

"डाक्टर! तुमच्या किडनीनं अंडे देल्ले!"

मादीच्या पोटात अंडी धरली की कवचासाठी रक्तात कॅल्शियम उसळतं, हे मी त्यानंतर पुस्तकात वाचलं. दरवर्षी ती अंगणातल्या मातीत घालत असणार, कोणाला दिसलं नाही. यंदा फरशीत खड्डा होईना, म्हणून अंडी अडली आणि खाणं सुटलं. नुसतं उलटं करून बघितलं असतं तरी पोट सपाट आणि शेपूट आखूड, म्हणजे मादी, एवढं कळलं असतं. त्याला वीज लागत नाही आणि एटीएमही लागत नाही.

मावशींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "इतके वर्षं मले वाटे, घरात एक तरी मरद टिकला."

इथं थांबलो असतो तर ही नुसती हसण्यावारी नेण्याची गोष्ट झाली असती. पण एटीएमची गर्दी पाहून गावातला बातमीदार माझ्याकडे आला. झेरॉक्सचं दुकान चालवून उरलेल्या वेळात तो बातम्या द्यायचा.

"सर, रक्तावरूनच ओळखलं म्हणे तुम्ही?"

मी फक्त "नाही" म्हणायचं होतं. दवाखान्यात दिवसभर माशी येत नव्हती. मी म्हणालो, "रक्त खोटं बोलत नसतं." मग बोलतच गेलो. अंड्यांचं निदान मी आधीच केलं होतं, मातेची तब्येत ठणठणीत आहे, असलं यंत्र आसपासच्या तालुक्यांत नाही. खानावळ कुठं आहे, तेही मीच सांगितलं. फोटोसाठी मावशींना बोलावून आणलं. त्यांनी पदर सारखा केला, कासव दोन्ही हातांवर धरलं आणि विचारलं, "हसू का नाही?" मी म्हणालो, हसा.

चांदण्यांचं कासव घरात ठेवणं गुन्हा आहे, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. कॉलेजात वाचलं होतं. पण परीक्षेपुरता वाचलेला कायदा बाहेर जिवंत फिरत असेल असं कोणाला वाटतं?

बातमी सकाळी आली, फॉरेस्टची जीप दुपारी. साहेब तरुण होते, आवाज न चढवता बोलत होते. जेवणारी माणसं ताटावरून उठली.

"सांगा नं यायले," मावशी माझ्या मागं लागल्या. "आजारी हाय म्हणून सांगा. तुम्हीच म्हणाले होते नं, किडनी गेली?"

मी घसा साफ केला. "प्रकृती नाजूक आहे, साहेब. प्रवास झेपायचा नाही."

साहेबांनी खिशातला पेपर उलगडला. "ठणठणीत, असं तुम्हीच म्हणालात, डॉक्टर."

"पुन्हा तपासू," मी म्हणालो. कॅल्शियम अजून चढलेलं असेल, आकडा दाखवून चार दिवस मागून घेऊ, असा माझा डाव होता. त्यांच्या ऑफिसात एसी होता, कासव घेऊन तिथं गेलो. यंत्र पहिल्यांदाच एका झटक्यात सुरू झालं. अंडी बाहेर पडलेली, कॅल्शियम उतरलेलं, सगळे आकडे जागच्या जागी. माझ्या खांद्यावरून साहेब पडदा वाचत होते.

"चांगली मशीन आहे," ते म्हणाले. माझ्या यंत्राची स्तुती करणारे ते एकटेच.

खानावळीवर परत येऊन अंडीही त्यांनी रेतीसकट बादलीत घालून नेली. बादली मावशींची होती. जीप निघाली तेव्हा रोजचा एक जेवणारा हात धूत म्हणाला, "बोगस सरकी विकणाऱ्याचं दुकान तेथंच हाय, रस्त्यावरच. तेथं काहून नाही जात जीप?" मावशींनी त्याचं ताट उचललं.

मावशींवर केस उभी राहिली. तारखेच्या दिवशी दुपारची खानावळ बंद. एरवी मी तिथंच जेवत होतो आणि मावशी वाढत होत्या. पोळी हवी का, भाजी हवी का, याशिवाय शब्द नाही. साक्षीदारांत माझं नाव होतं. मी एक भाषण पाठ केलं. साहेब, ती बातमी खोटी होती, या बाईला कायदा माहीत नव्हता, मला होता, असं. आरशासमोर बोलून पाहिलं. इस्त्रीचा शर्ट घालून कोर्टात गेलो.

व्हरांड्यात मावशींनी विचारलं, "डाक्टर, सुटले तं परत देतील तिले?"

बुढा आता 'ती' झाला होता.

"नाही, मावशी. ती आता सरकारची. कुठल्यातरी जंगलात सोडतील."

"सुटले तरी नाही?"

"तरी नाही."

"मंग मी कायले हेलपाटे खाऊन राह्यले?"

आत आरोप वाचला गेला. त्यांचा वकील उठायच्या आत त्या म्हणाल्या, "ठेवलं होतं मी. माह्या घरचं होतं." वकिलानं बाही ओढली. त्यांनी तेच पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा. मला कोणी बोलावलंच नाही. तरी मीही समोरच्या बाकावर, पाठ केलेलं भाषण पोटात घेऊन, कोर्ट उठेपर्यंत बसलो.

बाहेर पडताना काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आज रात्री भाजी काय करताय, मावशी?"

"वांगे." चपला घालता घालता त्या थांबल्या. "उद्यापासून तुम्ही दुसरीकडं पाहा, डाक्टर साहेब."

आवाजात राग नव्हता. भाजी संपली, हे सांगताना तरी तो जरा चढायचा. त्या स्टँडकडे चालू लागल्या. उद्यापासून म्हणाल्या होत्या, म्हणजे आजचं जेवण होतं. ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.