घडी न मोडलेली हिरवी साडी

गेल्या सोमवारी दुकानात एक गोष्ट घडली... आठवडा होत आला, डोक्यातून जात नाही.

जळगावात माझं साड्यांचं छोटं दुकान आहे. आमच्याकडे जुनी पद्धत... ओळखीच्या गिऱ्हाइकाने चार-पाच साड्या 'पसंतीला' घरी न्यायच्या, बायकांना दाखवायच्या, एक ठेवून बाकीच्या परत आणायच्या. सासूबाईंच्या काळापासून एकही साडी बुडाली नाही.

मग दोन वर्षांपूर्वी मी ऑनलाइन विकायला लागले. तिथे 'रिटर्न' म्हणजे काय ते कळलं! लग्नात मिरवून झालेल्या साड्या 'रंग आवडला नाही' म्हणून परत यायच्या... काठाला हळद, पदराला सेंट. दिवाळीत तर पैठणी पाठवली आणि परत आलेल्या खोक्यात खिडकीचा जुना पडदा निघाला. तक्रार केली, फोटो पाठवले. ॲपवाल्यांनी गिऱ्हाइकाचंच खरं धरलं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी पसंतीला साड्या देणं बंद केलं. परत आलेली साडी आधी उजेडात धरायची, हुंगायची, मगच बोलायचं... सवयच लागली.

सोमवारी चोपड्याकडच्या शांताअक्का आल्या. वीस वर्षांपासूनचं आमचं गिऱ्हाईक. महिन्यापूर्वी त्यांनी सुनेच्या डोहाळजेवणासाठी हिरवी साडी नेली होती. सुनेला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलेलं, म्हणून चार साड्या घरी दाखवायला मागत होत्या... मी नाही म्हटलं. बिचाऱ्यांनी मुकाट्याने स्वतःच एक निवडली.

त्याच साडीची पिशवी आता काउंटरवर होती. "हाई परत ले, माय," एवढंच म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. कार्यक्रम आटोपला, मिरवून झालं, आता परत! अक्कासुद्धा? मी साडी सरकन उलगडली. निऱ्यांची जागा बघितली, काठ बघितले... आणि त्यांच्यासमोरच पदर नाकाला लावला.

नव्या कापडाचा वास. बाकी काही नाही.

अक्का बघत होत्या. रागावल्या नाहीत. "नेसनीच नही ती," हळूच म्हणाल्या. "सातवा महिना लागाना पहिलेच पोट पडनं. आते हिरवी साडी घरमा कसाले ठेवू?"

पदर माझ्या हातातच राहिला. एरवी आल्या आल्या पाणी मागणाऱ्या, गावच्या गप्पा सांगणाऱ्या अक्का त्या दिवशी नुसत्या उभ्या होत्या... मला आधी साडी दिसली, त्यांचा चेहरा दिसलाच नाही. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"अक्का, चुकलं माझं," म्हणून मी हात जोडले. त्यांनी साडीचं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून घडी घातली. शेवटची घडी माझ्या हातात देत म्हणाल्या, "तुले कोनीतरी फसाडं व्हई, माय."

ज्यांचं काळीज पोळलं होतं त्यांनीच माझ्यावर फुंकर घातली.

मला फसवणाऱ्यांची तोंडं मी कधी पाहिली नाहीत, पाहणारही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना... ती मी माझ्या हाताने दिली.

अक्का, तुमच्याकडे साधा फोन, हे तुम्ही वाचणार नाही. पण रविवारी दुकान बंद ठेवून मी तुमच्या घरी येतेय... सुनेजवळ थोडा वेळ बसायला.