कापसातली मांजर

पाथरीच्या रस्त्याला बाभळीच्या काट्यांवर अडकलेला कापूस दिसला की अजूनही माझा जीव खालीवर होतो. मी शाळेत असताना वेचलेला कापूस आम्ही पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत रचायचो आणि आमची मांजर त्यातच बीळ करून झोपायची. टेम्पो भरायच्या दिवशी तिला आधी बाहेर काढायचं काम माझं. त्या सकाळी शाळेच्या घाईत मी ते विसरले. दुपारी घरी आले तर खोली रिकामी आणि वाटीतलं दूध तसंच. गडी टेम्पोत कापूस पायांनी तुडवून भरतात, हे आठवून मी रडायलाच लागले. "येईल की, मांजर कुठं जात न्हाई," म्हणत बाबांनी शेवटी मोटरसायकल काढली. सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यावर कापसाचे नुसते डोंगर. मी हाका मारत या ढिगाकडून त्या ढिगाकडे पळत होते. हमाल म्हणाला, "मालक, सकाळपासून लय गाड्या खाली झाल्या. आता कुठं हुडकायलाव?" तेव्हा तिला रोज शुक-शुक करून हाकलणारे बाबा सगळ्यांदेखत गुडघ्यांवर बसले आणि कापसात तोंड घालून "ये माऊ, ये" म्हणत राहिले. ती सापडली नाही. आता माझ्या घरात मांजर नाही; तरी वॉशिंग मशीनचं झाकण लावण्याआधी मी कपड्यांत खोलवर हात घालून बघते.