वळणावरचे अण्णा

हेल्मेटला केसाएवढी चीर दिसली, की अण्णा ते हातोडीनं फोडून टाकायचे. मालकाच्या देखत, आणि शक्यतो गर्दीत. नुसतं बाद केलं तर माणूस तेच हेल्मेट पुढच्या वर्षी रंगवून आणतो, असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्याकडच्या मोटरसायकलच्या शर्यती ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांनी हातोडीचा तो आवाज ऐकलेला असणार.

अण्णा सरकारी जीपवर ड्रायव्हर होते आणि निवृत्त झाल्यावर शर्यतींचे झाले. भात निघालं की जव्हार-मोखाडा रस्त्यालगतच्या माळावर दोऱ्या बांधून मातीची वाट आखली जाई. सकाळी गाड्या आणि हेल्मेटं तपासायची, आम्हा झेंडेवाल्या मार्शलांना जागा वाटून द्यायच्या आणि सर्वांत वाईट वळणावर स्वतः उभं राहायचं, हे त्यांचं काम. मी जव्हारात औषधांचं दुकान चालवते. त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. ‘ए मेडिकल’, एवढंच.

एका वर्षी सूर्यमाळच्या पाड्यावरचा रामा नावाचा तरुण पहिल्यांदाच शर्यतीला उतरायला आला. भिवंडीच्या गोदामात हमाली करून त्यानं कुणाचं तरी वापरलेलं हेल्मेट घेतलं होतं. कानाच्या वर चीर होती. हातोडी पडली तसा तो तिथेच तोंड झाकून रडायला लागला. “रड,” अण्णा म्हणाले. “डोकं शाबूत आहे म्हणून रडता येतंय.” मला वाटलं, मागाहून गुपचूप त्याला दुसरं देतील, कडक माणसं आतून मऊ असतात असं आपण ऐकत आलेलो असतो. अण्णांनी काही दिलं नाही. रामा गाडी घेऊन निघून गेला आणि पुन्हा माळावर दिसला नाही.

शर्यतीआधी ते सगळ्या स्वारांना उन्हात बसवून नियम सांगत. पिवळा झेंडा हलला की पुढच्याला मागे टाकायचं नाही. काळ्या झेंड्यासोबत आपला नंबर दिसला की निमूट बाहेर यायचं. लाल दिसला की शर्यत संपली असं समजायचं. “गाडी तुमची, वाट माझी,” हे शेवटचं वाक्य. ज्यानं बक्षिसं दिली होती त्या व्यापाऱ्याचा मुलगा एकदा पिवळ्या झेंड्याखाली दोघांना मागे टाकून पहिला आला. गळ्यात हार पडला, आई मोबाइलवर चित्रण करत होती. अण्णा मंचावर चढले आणि त्याला स्वतःच्या हातानं हार काढून दुसऱ्या आलेल्याच्या गळ्यात घालायला लावला. आईला म्हणाले, “हेही घ्या की मोबाइलात.”

आम्हालाही सवलत नव्हती. मार्शलनं शर्यत बघायची नाही, आपलं वळण बघायचं, हा त्यांचा धडा. पहिल्या वर्षी त्यांनी मला वाटेकडे पाठ करून उभं केलं आणि नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून कोण पडलं ते सांगायला लावलं. चुकलं की झेंडा डोक्यावर धरून उभं राहायचं, हात भरून येईपर्यंत. मी त्यांना मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. पण पुढच्या वर्षी पुन्हा गेले. इतकं मन लावून मला दुसऱ्या कुणी काही शिकवलं नव्हतं.

मग ते वर्ष आलं. मोखाड्याचा विजय, एरवी जीपवर सीटा मारणारा, म्हणजे प्रवासी वाहणारा, अण्णांच्या वळणावर घसरला. पुढच्या जागेवरून मला तो पडलेला स्पष्ट दिसला. अण्णा त्याच्या जवळ होते, पण त्यांचा झेंडा हलला नाही. मी शिट्टी फुंकत राहिले. मागून आलेली गाडी विजयच्या पायावरून गेली, तेव्हा कुठे पिवळा वर आला.

विजयला नाशिकला हलवल्यावर आयोजकांनी मांडवात अण्णांना विचारलं. उत्तरही त्यांनीच सुचवलं, की धुळीमुळे दिसलं नसेल. अण्णा म्हणाले, “धूळ नव्हती. मला दिसलं नाही. वर्षभर दिसत नाहीये. कानांवर निभावत होतो.” त्यांनी मार्शलचं जाकीट काढून टेबलावर ठेवलं. बाहेर बातमी पोचलीच होती. ज्यांना ज्यांना त्यांनी बाद केलं होतं ते दोरीला लागून उभे राहिले आणि अण्णा चालू लागताच टाळ्या वाजवू लागले. कुणी म्हणालं, आंधळ्याला वाट दाखवा रे. अण्णा सावकाश, त्या दोरीच्या कडेकडेनंच गेले. आडवाटेनं जाता आलं असतं.

विजयचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तो घरी आल्यावर अण्णा माफी मागायला गेले. विजय म्हणाला, “माफी नको. दर बाजाराच्या दिवशी यायचं आन् पाय बघायचा.”

अण्णा जायला लागले. भरल्या जीपमधून मोखाड्याला उतरायचे. विजय भावाच्या चहाच्या टपरीपाशी बसलेला असे. तो पँट दुमडायचा, अण्णा बघायचे, मग परत. कधी चहाही पुढे केला नाही त्यानं. एकदा मी सोबत गेले आणि न राहवून विजयला म्हणाले, आता पुरे कर. अण्णाच माझ्यावर उखडले. “तुला विचारलंय का कुणी?”

त्याच दिवशी विजयच्या लक्षात आलं. अण्णा पायाकडे तोंड करून उभे होते, पण नजर भलतीकडे, समोरच्या दुकानाच्या पत्र्यावर होती. विजयनं त्यांचा हात धरून खाली ओढला.

“आता कायच दिसत नाय ना? मग हात लाव.”

बाजार भरलेला होता. अण्णा गुडघ्यावर बसले आणि त्यांनी त्या थोटक्या पायावर हात ठेवला. बोटं शिवणीवरून फिरत राहिली. विजयनं डोळे मिटून घेतले होते. त्यानंतर दर बाजाराला तसंच होत राहिलं. कुणीतरी अण्णांना जीपमधून उतरवून टपरीपर्यंत सोडायचं.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा गेले. स्मशानात मोजकी माणसं होती, शर्यतीतलं मी सोडून कुणी नाही. चिता पेटल्यावर रस्त्यावर एक जीप थांबली आणि विजय कुबडीवर उतरला. माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मग आगीकडे बघत, जरा रागानंच, त्यानं मला विचारलं,

“आता कोनाला दाखवू?”