सोळा कागदांची फाईल

आमच्या कचेरीत टेबलं दोनच. रस्त्याकडच्या टेबलावर मी बसते. रेल्वे, बस, बोट, विमान, जे म्हणून माणसाला इकडून तिकडे नेतं त्याची तिकिटं मी काढते. भिंतीकडच्या टेबलावर व्हिसाचं काम चालतं. ते काम करणाऱ्या गृहस्थांना सगळे लालपेन्सिल म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचा राग येत नाही. राग येतो तो फक्त चुरगळलेल्या फोटोंचा.

त्यांची एक पद्धत आहे. प्रत्येक फाईलच्या वर एक यादी लावायची. कागद हातात घेऊन, उलटासुलटा बघून, फाईलमध्ये ठेवला की मगच त्याच्या ओळीपुढे लाल खूण करायची. मालक एकदा घाईत म्हणाले, "अहो, कागद टपालानं निघालाय, उद्या येईलच. करून टाका खूण." लालपेन्सिल हाताची घडी घालून बसले ते दुसऱ्या दिवशी टपाल येईपर्यंत. सव्वीस वर्षांत त्यांची एकही फाईल अपुरी म्हणून परत आली नव्हती. वकिलातींना त्यांनी नावं ठेवली होती. एक 'झोपाळू', एक 'सासूबाई' आणि सगळ्यांत अवघड ती 'खडूस'. खडूसकडून नकार आला की वर्षभर पुन्हा अर्ज करता येत नाही.

त्यांची एकुलती एक लेक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. तिनं एक दिवस नोकरी सोडली आणि घरी सांगून टाकलं की पाठीवर एक पिशवी घेऊन मी आशिया बघायला निघाले आहे. पाच महिने, सात देश, होता होईल तो जमिनीवरून, आणि एकटी. आईनं अबोला धरला. बाप एवढंच म्हणाला, "कागद आण."

त्यानंतर महिनाभर ती रोज दुपारी कचेरीत यायची. मी तिला गाड्या जुळवून द्यायचे आणि लालपेन्सिल तारखा. हे प्रकरण दिसतं तितकं सोपं नसतं. एका देशाचा व्हिसा मिळाल्या दिवसापासून मोजतात, दुसऱ्याचा हद्द ओलांडल्यापासून. एक रेल्वे आठवड्यातून दोनदाच सुटते. खडूसचा देश बरोबर मधोमध, आणि त्याच्या पलीकडची खिंड बर्फ पडलं की बंद. म्हणजे तिथला व्हिसा वेळेवर मिळाला नाही तर पुढच्या तिन्ही देशांवर पाणी. लालपेन्सिलनी मोठ्या कागदावर चौकटी आखून सगळं बसवलं. लेकीला म्हणाले, "इथे दोन दिवस जास्तीचे ठेव. बस बिघडतेच." मला वाटलं, बापाला मनातून अभिमान वाटतोय. माणसं ओळखण्यात मी अशी हुशार.

खडूसला सोळा कागद लागतात. त्यातला शेवटचा म्हणजे त्यांच्या देशातून बाहेर पडण्याच्या बसचं आरक्षण. ते मी काढलं, छापलं आणि लालपेन्सिलच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटून बघितलं आणि मान हलवली. मी माझ्या कामाला लागले.

बारा दिवसांनी फाईल परत आली. नकार. कारण: बाहेर पडण्याच्या प्रवासाचा पुरावा जोडलेला नाही.

त्या दिवशी लालपेन्सिल बँकेत गेले होते. लेक पाकीट घेऊन सरळ माझ्या टेबलाशी आली.

"मावशी, बसचा कागद राहिला का तुमच्याकडून?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर जिच्यासाठी वेळापत्रकं धुंडाळली, तीच पोरगी मला विचारते आहे. पण तिचा तरी काय दोष? बाबा विसरतील हे तिच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

"मी दिलाय," मी म्हटलं. "यादी बघ."

तिनं यादी काढली. पंधरा ओळींपुढे लाल खुणा, एका रेषेत, एका मापाच्या. सोळाव्या ओळीपुढे काही नाही. ती कितीतरी वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. विसरलेल्या माणसाची यादी अशी नसते; ओळ रिकामी दिसत असताना त्यांनी फाईल पाठवली होती. तेवढं तिलाही कळलं आणि मलाही.

लालपेन्सिल आले. टेबलावरची फाईल बघून त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली आणि उभेच राहिले.

"आईनं सांगितलं?" लेकीनं विचारलं.

"आईनं सांगितलं होतं. पण कागद बाहेर ठेवला तो मी."

"मग खूण तरी करायची. मी खडूसलाच दोष दिला असता."

"कागद नव्हता आत. खूण कशी करणार?"

"मग मला नाही म्हणायचं होतं, बाबा. तोंडावर."

"नाही म्हटलं असतं तर तू गेली असतीस."

ती फाईल उचलून निघून गेली. मला त्या माणसाचा भयंकर राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तितकीच कीवही येत होती. लबाडी करायला निघाले, तीही त्यांना धड जमली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, पण खुर्ची ओढली ती माझ्या टेबलाशी. खडूसला वगळून जायचं ठरलं. बंदरातून बोट, मग किनाऱ्यानं दोन बस, नऊ दिवस जास्तीचे, आणि खिंडीचा नाद सोडायचा. बाकीचे व्हिसा हातात होतेच. भिंतीकडच्या टेबलावरून अधूनमधून खोकल्याचा आवाज येत होता. तिनं तिकडे एकदाही बघितलं नाही.

बोटीच्या कंपनीचा अर्ज तिनं स्वतः भरला आणि माझ्याकडे ठेवून गेली. संध्याकाळी कचेरी बंद करताना लालपेन्सिलनी तो मागितला. "नजर टाकतो फक्त," म्हणाले. मी दिला. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर, पत्ता, सगळं त्यांनी पासपोर्टच्या प्रतीशी ताडून बघितलं. शेवटच्या रकान्यात, अडचणीच्या वेळी कोणाला कळवावं तिथे, माझं नाव आणि माझा फोन नंबर लिहिलेला होता. नातं या शब्दापुढे तिनं मावशी लिहिलं होतं.

त्यांनी चष्मा काढून पुसला, अर्ज नीट घडी घालून मला परत दिला.

"बरोबर भरलाय," ते म्हणाले. मग दाराची कडी हातात धरून वळले.

"तिचा फोन आला, तर मला सांगाल?"

सांगेन म्हटलं.