मुकी म्हणून नोंदवलेली मुलगी

त्या मुलीची आठवण झाली की एकटा असूनही माझा आवाज खाली येतो. एरवी तो चढाच असतो. भाजीवालीशी चार रुपयांसाठी भांडणारा माणूस मी. गिरणी कामगाराच्या खोलीतून, वशिल्याशिवाय पोलीस निरीक्षकाच्या खुर्चीपर्यंत आलेला.

सोलापुरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एके सकाळी एक बाई येऊन उभी राहिली. रस्त्यावर सापडलेल्या मुलांसाठी एका संस्थेने चालवलेल्या वसतिगृहात ती स्वयंपाक करायची.

"सायेब, आमच्याकडं एक मुकी पोरगी हाय. नऊएक वर्साची. आता एक बाई 'मी मामी' म्हणून न्यायला येतीया. पण ती आली की पोरगी ताट सोडून कोठीत लपती बगा."

"कागद आहेत का मामीकडे?"

"कागद हायेत की. भुकेलं पोर ताट सोडून पळतं, ते कागदात लिवलंय व्हय?"

दोनच दिवसांनी बाल कल्याण समितीपुढे सुनावणी होती. कागद पाहून मुलगी मामीच्या ताब्यात गेली असती.

मी मामीला बोलावून घेतले. अक्कलकोटकडची, मराठीत कन्नड मिसळून बोलणारी. रेशनकार्ड, सरपंचाचा दाखला, सगळे जागच्या जागी.

"पोरगी घरी बोलायची का?"

"जन्माची मुकी, साहेब. शेतावर वाढली. आई वारली, मग हरवली."

तासभर घासाघीस केली, बाई एक इंच सरकली नाही. माझा पारा चढला. टेबलावर हात आपटून ओरडलो. ओळख पटवण्यासाठी मुलीलाही आणले होते, ती बाहेर बाकावर होती. दार उघडून पाहतो तर ती बाकाखाली शिरलेली, फ्रॉक ओला. स्वयंपाकीण माझ्याकडे बघत म्हणाली, "सायेब, तुमी तर त्या बाईपेक्षा बरे म्हनून आले होते मी."

दुसऱ्या दिवशी मी गणवेश न घालता वसतिगृहात गेलो. स्वयंपाकीण ओसरीवर गोधडी शिवत होती, मुलगी शेजारी. दोरा तुटला. मुलीने दोन्ही टोके घेतली, अंगठ्यावर फिरवली आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच गाठ मारली. उरलेले टोक दाताने तोडले. गाठ इतकी बारीक की कापडातून अडकल्याशिवाय निघून गेली.

ती गाठ मी ओळखत होतो. माझी आई विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरायची. मागावर धागा तुटला की अशीच गाठ मारतात, आणि ती मागाच्या घरातच बोटांना लागते. शेतावर वाढलेल्या मुलीला ती कुठून येणार?

आमच्या चाळीत सगळे शेजारी तेलुगू विणकर. त्यांच्याकडून शिकलेली मोडकी तेलुगू खात्यात हसतील म्हणून मी कधी तोंडातून काढली नव्हती. खाली बसलो, हळू विचारले, "एवरु नेर्पिंचारु, अम्मा?" कुणी शिकवलं, बाळ?

तिने माझ्या तोंडाकडे पाहिले. मग म्हणाली, "मा नायना." माझ्या बाबांनी.

स्वयंपाकिणीच्या हातातून सुई पडली.

सुनावणीच्या सकाळी मामीला पुन्हा बोलावले. या वेळी आवाज चढवला नाही. "मामी, तुमची मुकी भाची काल तेलुगूत बोलली. आता सौदा करू. तुमच्यामागचा माणूस सांगा; मदत केलीत हे मी कोर्टाला लिहून देईन."

"मला सोडाल?"

"सोडणार नाही. पण सगळं तुमच्या एकटीच्या गळ्यात पडणार नाही."

बाईने नाव सांगितले. यात्रेच्या गावांत मुलांना भीक मागायला बसवणारा तो माणूस होता. मुकी मुलगी तक्रार करणार नाही, म्हणून त्याने तिला हेरले होते.

मुलीचा बाप चार दिवसांत सापडला. तेलंगणातून लूमवर कामाला आला होता. आल्या दिवशीच स्टेशनच्या गर्दीत मुलीचा हात सुटला. त्याची तक्रार शहराच्या पूर्वेकडच्या ठाण्यात सात महिने पडून होती: 'मुलगी फक्त तेलुगू बोलते.' आमच्याकडची नोंद होती 'मुकी'. दोन्ही कागद जुळले नाहीत.

प्रशस्तिपत्र वरिष्ठांना मिळाले. वर्तमानपत्रातल्या फोटोत ते मुलीच्या डोक्यावर हात ठेवून उभे, मी चौकटीबाहेर. याचा राग निवृत्तीनंतरही गेलेला नाही, लपवत नाही.

पण त्याहून जड एक गोष्ट आहे. केस बंद करताना जुनी स्टेशन डायरी काढली. सात रस्ता चौकाजवळ भटकणारी ती मुलगी हवालदाराने प्रथम माझ्यासमोरच उभी केली होती. कामाचा रेटा होता, चेहराही लक्षात राहिला नव्हता. नाव काय, म्हणून मी तीनदा दरडावले होते, मराठीत, मग हिंदीत. ती थरथरत गप्प राहिली. 'मुकी' हा शब्द माझ्याच अक्षरात होता. पुढे संस्थेने, समितीने तोच उतरवून घेतला आणि त्या माणसाने तोच हेरला.

बाप तिला न्यायला आला तेव्हा ती त्याच्या शर्टाचे टोक धरून अखंड बोलत होती. फाटकापर्यंत बोलत गेली. मी व्हरांड्यात उभा होतो. तिने मागे वळून पाहिले नाही.

आता सोलापुरातच, शुक्रवार पेठेतल्या घरात मी एकटा राहतो. मुलगा पुण्यात. त्याचा फोन येतो, मी मोठ्याने बोलू लागलो की तो गप्प होतो. मग मी थांबतो, आवाज खाली आणतो आणि वाट पाहतो. कधी कधी तो बोलतो.