ऑइल पेंटचा मोर

आमचं जूचंद्र रांगोळीसाठी नावाजलेलं गाव, तिथली बाई कुठंही राहायला गेली तरी दारात रांगोळी काढणारच. मी नंदाखालच्या या वृद्धाश्रमात आले तेव्हा साड्या चार आणल्या आणि रांगोळीचे डबे सहा. रोज सकाळी आंघोळ झाली की बुटकं स्टूल घेऊन खोलीच्या दारात बसायचं.

आता काय झालं, गावचं आमचं अंगण शेणानं सारवलेलं, तिथं रांगोळी धरून बसायची. इथं गुळगुळीत लादी. एका सकाळी माझ्या खोलीतल्या आजी वॉकर घेऊन बाहेर निघाल्या आणि वॉकर माझ्या मोरावरून सरकला. सिस्टर मागेच होती, तिनं धरलं म्हणून निभावलं. कॉटवर बसल्यावर आजी म्हणतात कशा, "बाय, तुझ्या मोरानं मला उडवलंच होतं."

आम्ही दोघी हसलो. सिस्टर काही हसली नाही. "मावशी, उद्यापासून रांगोळी बंद. या वयात खुबा मोडला तर काय होतं ते मी बघितलंय."

तिचं बरोबरच होतं हो. पण दुसऱ्या दिवशी ते रिकामं दार बघून मला चहा गोड लागेना. खुर्ची टाकून बसले आणि काम नाही म्हणून येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघत राहिले. खोलीतून व्हरांड्यात उतरताना दोन बोटांची पायरी आहे. वरखाली लादी एकाच रंगाची, त्यामुळे ती दिसतच नाही. दुपारपर्यंत तिघं तिथं अडखळले. रांगोळी होती तेव्हा कुणी अडखळत नव्हतं, कारण रांगोळीवर पाय द्यायचा नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. जो तो पाय उचलून जायचा. आजींनीही पाय उचललाच असता, पण वॉकर पुढे गेला, त्याला कुठले संस्कार.

मी सिस्टरला म्हटलं, "भुकटी नको ना? मग पिवळा ऑइल पेंट आणून दे."

"मावशी, तुम्ही काही सुधारणार नाही."

"आधी इथं बसून चार जणांचे पाय बघ."

बसली बिचारी. चहाच्या वेळी एक आजोबा तिच्यासमोरच अडखळले. संध्याकाळी तिनं स्वतः डबा आणला, वर पेंट निसरडा होऊ नये म्हणून त्यात बारीक वाळू मिसळायला लावली.

आता सगळ्या दारांत पायरीच्या कडेनं पिवळी वेल आहे. मोतीबिंदूवाल्यांना दिसावी म्हणून पानं मुद्दाम मोठी काढलीत. आमच्या दारात मात्र मोर. आजी त्याच्यावरून वॉकर उचलून पलीकडे ठेवतात, मग हळूच पाय टाकतात आणि तिकडून विचारतात, "बाय, चोचीला नाय ना लागलं?"