फोटोपुरतं हस गं

शिक्षक मैत्रिणींनो, आज डोकं फिरलंय. वरच्यांवर तर आहेच, पण जास्त स्वतःवर.

केंदूरजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत मी दुसरीला शिकवते. सकाळी केंद्रप्रमुखांचा ग्रुपवर मेसेज आला, "मुलांच्या भावना समजून घेण्याचा उपक्रम आजच घ्या. हसऱ्या मुलांचा फोटो बारापर्यंत लिंकवर टाका. न टाकणाऱ्यांनी लेखी खुलासा द्यावा."

शिकवणं बाजूला ठेवलं. बाराला दहा कमी असताना मुलं गोलात बसवली आणि मोबाईल धरला. समोरच आरोही मुसमुसत होती.

"काय झालं गं?"

"बाई, आय बॅग भरून मामाकडं दौंडला गेली. मला न्हाई नेलं."

वीस वर्षं शिकवतेय मी. अशा पोरीला आधी जवळ घ्यायचं असतं, हे मला कुणी सांगायला नको. पण माझं लक्ष घड्याळाकडं. म्हणाले, "ते नंतर सांग. आधी फोटोपुरतं हस."

आणि ती हसली हो! फ्रॉकला डोळे पुसून, दात दाखवून हसली.

फोटो गेला. लगेच ग्रुपवर टाळ्या. "उत्कृष्ट, मॅडम! इतरांनी आदर्श घ्यावा."

जेवणाच्या सुट्टीत मी तिला शोधलं, मांडीवर घेतलं. म्हटलं, "आता सांग बाळा, आई कधी गेली?"

"काय न्हाई, बाई," म्हणाली आणि पुन्हा तश्शीच हसली, मघाच्या फोटोसारखी.

फोटो वेळेत गेला, त्यामुळं माझ्याकडं खुलासा कुणी मागणार नाही. पण या हसण्याचा खुलासा मी कुणाला देऊ, सांगा ना?